चिमटीभर सेलेनियम, टनभर खाद्य

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, कर्जावर झालं. आता हा माणूस उठून कोंबडीच्या खाद्यातल्या कुठल्या तरी औषधावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. दोन कारणांनी बोलतो. पहिलं, आपल्या जिल्ह्यात गावोगावी पाचशे-हजार पक्ष्यांची शेडं उभी राहिली आहेत आणि बायकांचे गट गावरान कोंबड्या पाळताहेत. कोंबडीपालनात शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले पासष्ट-सत्तर खाद्यावर जातात. ते खाद्य आपल्याच ज्वारीचं बनावं, अशी आपली खटपट आहे. दुसरं, या खटपटीत माझ्या हातून एक चूक झाली. नुकसान दुसऱ्यांचं झालं. ती चूक चारचौघांत सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या बायकांच्या गटाला मी खाद्याचा कागद लिहून दिला. ज्वारी एवढी, मका एवढा, सोयाबीनची ढेप एवढी, शिंपल्याचा चुरा, मीठ, जीवनसत्त्वं. शेवटच्या ओळीत लिहिलं : ‘सेलेनियम पावडर, टनाला ३०० ग्रॅम.’ तालुक्याच्या दुकानात तेव्हा जी पावडर मिळायची तिच्यात सेलेनियम हजारात एक भाग, म्हणजे ०.१ टक्के होतं. बाकी सगळी चुन्याची भुकटी. ३०० ग्रॅम पावडरीत ०.३ ग्रॅम सेलेनियम, ते टनाला बरोबर. वर्षभर काम छान चाललं. गटाची अंडी उबवणीसाठी जायची. शंभर अंड्यांत सत्तर-पंच्याहत्तर पिल्लं निघायची आणि खाण्याच्या अंड्यापेक्षा चांगला पैसा मिळायचा.

पुढच्या हिवाळ्यात उबवणी एकदम वीसवर आली. न निघालेली अंडी फोडून पाहिली तर आतली पिल्लं मेलेली. कुणाला डोळे नाहीत, कुणाची चोच वाकडी, कुणाचे पाय आखडलेले. कुणी म्हणालं रोग आला, कुणी म्हणालं यंत्राची गरमी चुकली, कुणी म्हणालं कोंबडे म्हातारे झाले. गटाच्या अध्यक्षबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या कागदावर होतं तसंच टाकलं ना जी. एक चिमूट इकडे-तिकडे नाही केली.”

खरंच केली नव्हती. मी कोपऱ्यातली पिशवी उलटून पाहिली. दुकानदाराकडे जुनी पावडर संपली होती, त्यानं दुसरी दिली होती. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, सेलेनियम १ टक्का. म्हणजे दहापट. आणि त्या महिन्यात मका महाग म्हणून बायांनी टनाचा ढीग न करता पाच क्विंटलचाच केला होता. बाकी सगळं निम्मं घेतलं, पण ही पावडर एवढीशी, तिचं काय निम्मं करायचं म्हणून पूर्ण ३०० ग्रॅम ओतली. आता गुणाकार करा. दहापट जोर, अर्धा ढीग. वीसपट सेलेनियम गेलं. दर किलोला ०.३ मिलिग्रॅमच्या जागी ६ मिलिग्रॅम.

खाद्य बदललं. ती अंडी खड्ड्यात पुरली, कुणाला खाऊ दिली नाहीत. तीनेक आठवड्यांनी उबवणी पुन्हा ताळ्यावर आली. पण हंगाम गेला तो गेलाच. चूक त्या बायांची नव्हती. दुकानदाराची म्हणावी तर पिशवीवर त्यानं खोटं काही लिहिलं नव्हतं. चूक माझी. मी वजन लिहिलं आणि जोर लिहिला नाही. कृषी पदवीधरानं अशी चूक करायची, मग ती पदवी काय चुलीत घालायची? आपण फवारणीचं औषध घेताना टक्का पाहतो, युरिया घेताना नत्र किती ते पाहतो. इथे मात्र मीच पाहिला नाही.

विष की औषध?

हे सेलेनियम आहे तरी काय? गंधकाचा भाऊबंद. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस नावाच्या शास्त्रज्ञानं ते शोधलं. गंधकाशी त्याचं इतकं साम्य की झाडाचं मूळही फसतं आणि गंधकाच्या जागी सेलेनियम उचलून दाण्यात नेऊन ठेवतं. म्हणून ज्या मातीत ते जास्त, त्या मातीचा दाणाही जड. ज्या मातीत नाही, तिथला दाणा रिकामा.

पहिली ओळख झाली ती विष म्हणून. अमेरिकेत दक्षिण डकोटा नावाचा प्रांत आहे. आपल्यासारखाच कोरडा, आपल्यासारखीच पावसाकडे डोळे लावून बसणारी शेती. तिथे घोड्यांचे आणि गुरांचे खूर गळायचे, शेपटीचे केस झडायचे. त्या भागातल्या दाण्यावर वाढलेल्या कोंबड्यांची अंडी उबायची नाहीत, आतली पिल्लं वेडीवाकडी निघायची. लोक पाण्यातल्या खाराला दोष देत बसले. १९३० नंतरच्या दशकात तपास झाला आणि समजलं, दोष दाण्यातल्या सेलेनियमचा.

तेव्हापासून सेलेनियम म्हणजे विष असं पक्कं झालं. १९४३ साली उंदरांवरच्या एका प्रयोगातून त्यानं यकृतात गाठी होतात असंही छापून आलं. मग १९५७ साल उजाडलं. क्लाउस श्वार्ट्झ हा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत काम करत होता. एका जातीच्या यीस्टवर ठेवलेल्या उंदरांचं यकृत सडायचं, दारूच्या भट्टीतल्या यीस्टवर ठेवलेले ठणठणीत राहायचे. दोन्हींत फरक काय, हे शोधता शोधता तो जिथे पोचला ते हेच सेलेनियम. त्याच वर्षी असंही दिसलं की तसल्याच निकृष्ट खाद्यावर कोंबडीच्या पिल्लांच्या कातडीखाली जे हिरवं-निळं पाणी साचतं, तेही चिमटीभर सेलेनियमनं थांबतं.

का थांबतं, ते १९७३ साली उलगडलं. शरीरात चरबी खवट होऊ न देणारं एक प्रथिन असतं, त्याच्या गाभ्यात सेलेनियम बसलेलं असतं. जीवनसत्त्व ई हेच काम दुसऱ्या बाजूनं करतं. दोघं जोडीचे बैल आहेत. एक दमला तर दुसरा थोडा वेळ ओढून नेतो. दोन्ही बसले की गाडा थांबला.

आता गंमत पहा. पिल्लाला ते लागतं हे १९५७ साली कळलं. खाद्यात घालायला अमेरिकेच्या सरकारनं परवानगी दिली १९७४ साली. सतरा वर्षं गेली. का? १९५८ सालच्या त्यांच्या कायद्यात होतं की कर्करोग करणारा पदार्थ खाद्यात नको आणि १९४३ चा तो प्रयोग फाईलला लागलेला. तोवर ज्या भागांतली माती रिकामी, तिथले शेतकरी मेलेली पिल्लं मोजत बसले. शेवटी सरकारला पटलं की टनाला ग्रॅमाचा अंश एवढ्या मात्रेत तो धोका नाही. १९७४ ची परवानगी वाढत्या कोंबड्यांसाठी टनाला ०.१ ग्रॅमची होती. १९८७ साली ती ०.३ ग्रॅमवर गेली. युरोपात खाद्यातलं सगळं मिळून, म्हणजे दाण्यातलं अधिक वरून घातलेलं, किलोला ०.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत.

यातून मी दोन धडे घेतो. विष म्हणून घाबरवणाऱ्यांचं ऐकून बसलो तर पिल्लं मरतात. आणि अमृत म्हणून विकणाऱ्यांचं ऐकून ओतत गेलो तरी पिल्लं मरतात. दोन्हींच्या मध्ये तराजू आहे.

दाणा मातीचं बोलतो

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत शिवालिकच्या डोंगरातून वाहून आलेल्या गाळात सेलेनियम जास्त आहे. तिथला गहू, तिथला चारा सेलेनियमनं भरलेला. जनावरांचे खूर आणि शिंगं गळाल्याची, माणसांची नखं खराब झाल्याची नोंद लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी केलेली आहे. उलट चीनच्या ईशान्येला केशान नावाचा तालुका आहे. तिथल्या मातीत सेलेनियम इतकं कमी की लेकरांचं आणि बायांचं हृदय निकामी व्हायचं. त्या रोगाला गावाचंच नाव पडलं. १९७० नंतरच्या दशकात सेलेनियमच्या गोळ्या दिल्या आणि रोग आटोक्यात आला. त्याच चीनमध्ये हुपे प्रांतात एन्शी नावाची जागा आहे, तिथे १९६० नंतरच्या काही वर्षांत जास्त सेलेनियमनं लोकांचे केस आणि नखं गळली. एकाच देशात एकीकडे उपास, दुसरीकडे अजीर्ण.

फिनलंडनं तर १९८४ साली ठरवलं की आपली माती रिकामी आहे, तर रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायचं. देशभर मिसळलं, आणि दरवर्षी दाणा, दूध, मांस तपासून मात्रा कमी-जास्त करत गेले. आधी तपासणी, मग मात्रा. हे लक्षात ठेवा.

अमेरिकेतलंच कॅलिफोर्नियाचं घ्या. तिथे ओलिताच्या शेतातलं निचऱ्याचं पाणी केस्टरसन नावाच्या तळ्यात सोडत. त्या पाण्याबरोबर मातीतलं सेलेनियम तळ्यात गोळा झालं. १९८३ साली तिथल्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत बिनडोळ्याची, वाकड्या चोचीची पिल्लं सापडली. मी ते वर्णन वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या गटाच्या शेडमधली फोडलेली अंडी आली. तोच घोटाळा होता. तिथे ओलिताच्या पाण्यानं केला, इथे माझ्या कागदानं.

आता आपली काळी, चुनखडीची जमीन. एवढं शास्त्र पक्कं आहे की अल्कधर्मी, हवा खेळती असलेल्या जमिनीतलं सेलेनियम पिकाला लवकर मिळतं आणि आम्लधर्मी, लोहाच्या लाल जमिनीत ते जखडून बसतं. पण आपल्या गावच्या ज्वारीच्या दाण्यात नेमकं किती, हे कागदावर कुठे आहे? २०१५ साली माती आरोग्य पत्रिकेची योजना आली, तिच्यात बारा रकाने ठरले. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सेलेनियमचा रकाना नाही. म्हणजे आपल्याला विकणारा आणि विकत घेणारे आपण, दोघंही अंधारात. मग तो म्हणतो, “घाला, घातलेलं बरं.” हे दुकानदाराचं शास्त्र झालं.

हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. मांसाच्या कोंबडीला खाद्यात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम सेलेनियम लागतं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या पुस्तकात आहे. अंड्याच्या कोंबडीला त्याहून कमी. खाद्यवाले सुरक्षितता म्हणून ०.३ पर्यंत घालतात. म्हणजे १००० किलोला ०.३ ग्रॅम. सोडियम सेलेनाइट नावाच्या क्षारात सेलेनियम साधारण ४५ टक्के असतं, तर असा क्षार टनाला पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी लागतो. सोनाराच्या तराजूवरचं वजन आहे हे.

एक मांसाची कोंबडी विकायला जाईपर्यंत साडेतीन किलो खाद्य खाते असं धरा. तिच्या पोटात वरून घातलेलं सेलेनियम गेलं एक मिलिग्रॅम. अंड्याची कोंबडी रोज ११० ग्रॅम खाते, वर्षाला ४० किलो. तिच्या पोटात गेलं १२ मिलिग्रॅम. आता मला सांगा, पोत्यावर मोठ्या अक्षरात ‘सेलेनियमयुक्त’ छापून पोत्यामागे जे जादा पैसे घेतात, ते कशाचे? त्या एक मिलिग्रॅमचे? पैसा लागतो तो नीट मिसळण्याला आणि तपासण्याला. तो देऊ. पण मग मिसळल्याचा आणि तपासल्याचा पुरावाही मागू.

जादा झालं तर? खाद्यात किलोला ५ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की उबवणी ढासळते, १० च्या आसपास पिल्लांची वाढच खुंटते. गरज आणि नुकसान यांत तीसेक पटींचं अंतर. ऐकायला खूप वाटतं. पण मी वीसपट कशी केली ते आत्ताच सांगितलं. एक चुकलेला टक्का, एक अर्धा ढीग, संपलं.

शेडमध्ये काय करायचं

कंपनीचं तयार खाद्य आणत असाल तर त्यात सेलेनियम आधीच असतं. वरून काही घालू नका. पुष्कळांची चूक इथे होते. खाद्यात आहे, क्षार मिश्रणात आहे आणि पिल्लं मलूल दिसली की पाण्यात ‘ई-सेलेनियम’चं औषध. तीन दारांनी एकच पाहुणा घरात घेतला. बेरीज कुणी केलीच नाही. सगळ्या पिशव्या एका ओळीत ठेवा, प्रत्येकीवरचा सेलेनियमचा आकडा लिहा आणि बेरीज करा.

घरी खाद्य बनवत असाल तर निव्वळ सोडियम सेलेनाइट कधीही घरात आणू नका. ते जहर आहे, त्याची भुकटी नाकात गेली तरी बाधते. टक्का छापलेलं प्रिमिक्सच घ्या. १ टक्क्याचं असेल तर टनाला ३० ग्रॅम. ०.१ टक्क्याचं असेल तर ३०० ग्रॅम. हे दोन आकडे शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. खाली लिहा : ढीग अर्धा, तर हेही अर्धं. नवीन पिशवी आली की आधी टक्का वाचायचा, मग फोडायची. वाचता येणारं घरात शाळेतलं पोर असतं, त्याला वाचायला लावा.

मिसळताना पावडर थेट ढिगावर फेकू नका. टनाच्या ढिगात ३० ग्रॅम फावड्यानं मिसळत नाही. एका कोपऱ्यात दहापट जातं, दुसऱ्यात काहीच नाही. आधी किलोभर बारीक पिठात कालवा. ते दहा किलोत, ते शंभर किलोत, मग टनात. आपण पेरणीला बारीक बी वाळूत कालवतो, तसंच हे.

पिल्लांच्या छातीखाली, पोटाखाली हिरवट-निळं पाणी दिसलं तर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. डॉक्टरांना दाखवा. पण आधी कोंड्याचा वास घ्या. भाताचा कोंडा चार-आठ दिवसांत खवट होतो, आपल्या उन्हाळ्यात लवकरच. खवट चरबी ई जीवनसत्त्व खाऊन टाकते आणि मग सगळा भार सेलेनियमवर पडतो. अशा वेळी औषध विकत आणण्याआधी खवट कोंडा बाहेर काढायचा. आणि ज्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, बांधावर किडे आणि हिरवं टिपतात, त्यांना या पुडीची सहसा गरज पडत नाही.

राहिली आपली ज्वारी. पांढरी ज्वारी खाद्यात मक्याच्या जवळपास बसते. बलक थोडा फिका पडतो, कारण मक्यातला पिवळा रंग तिच्यात नाही. थोडा मका किंवा हिरवा पाला ठेवला की भागतं. लाल, तुरट ज्वारीत टॅनिन असतं, ते प्रथिनं अडवून धरतं. ती कमी घ्या. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी व्यापारी पाडून मागतो, म्हणून कोंबड्यांना घालू असं म्हणू नका. बुरशीचं विष कुठल्याही सेलेनियमनं उतरत नाही. आणि सरकीची ढेप अंड्याच्या कोंबडीला घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलनं बलक हिरवट, तपकिरी होतो. ती गाई-म्हशींना राहू द्या.

शहरात आता ‘सेलेनियमयुक्त अंडी’ जादा दरानं विकली जातात. यीस्टमध्ये वाढवलेलं सेलेनियम कोंबडीला दिलं की ते अंड्यात जास्त उतरतं, ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेत कोंबडीखाद्यात त्याला २००० साली परवानगी मिळाली. उद्या कुणी येऊन म्हणेल, तुम्ही ही अंडी काढा, दुप्पट भाव देतो. भाव मिळत असेल तर जरूर काढा, मी आड येणार नाही. पण करार करण्याआधी विचारा : पावडर कोणाची, टक्का किती, अंड्याची तपासणी कोण करणार, अंडी नापास झाली तर नुकसान कोणाचं. चारही उत्तरं कागदावर घ्या.

मागणी आणि आपलं काम

सरकारकडे आणि कारखानदारांकडे आपली मागणी साधी आहे. खाद्याच्या, क्षार मिश्रणाच्या, प्रिमिक्सच्या प्रत्येक पिशवीवर सेलेनियम किलोमागे किती, ते मराठीत, पोत्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. जिल्ह्याला खाद्य तपासणीची सोय करा, वाजवी फीमध्ये. माती आणि ज्वारीच्या दाण्यातलं सेलेनियम एकदा तालुकावार मोजा आणि आकडे गावात लावा. अनुदान मागत नाही, सूट मागत नाही. आकडा मागतो. आकडा हातात आला की घालायचं की नाही हे आमचं आम्ही ठरवू.

आणि आपलं काम? माझ्यासकट कुणीही सल्ला दिला, तर त्याला विचारायचं : जोर किती, ढीग केवढा, आधीच किती आहे? उत्तर आलं नाही तर सल्ला परत करायचा. त्या गटाच्या बायांनी मला हे तेव्हा विचारलं असतं तर त्यांचा हंगाम वाचला असता. पण मी शिकलेला, मी लिहून दिलेलं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. आता त्या विचारतात. मागच्या महिन्यात मी त्या शेडमध्ये गेलो तर भिंतीवर दोन्ही आकडे लिहिलेले होते आणि अध्यक्षबाईंनी मलाच पिशवी पुढे करून म्हटलं, “भाऊ, आधी वाचा.” मी वाचली.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शेडवाल्यानं आपल्या पोत्याचं आणि पावडरीच्या पिशवीचं लेबल कापून आणावं. आपण इथेच सगळी लेबलं मांडू आणि बेरीज करू.